खिडकीतला पालथा कप

१

पुनावळ्याच्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात एकच कायदा होता आणि तो चिमाबाईंनी केलेला होता. सकाळचा चहा झाला की त्यांचा कप योगिनीने घासायचा. त्या स्वतः हात लावणार नाहीत. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांत भांडी घासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. या घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी त्यांनी लेकीला बजावलं होतं की आता मी माझा कपसुद्धा विसळायची नाही. बाबासाहेबांच्या आणि नवऱ्याच्या, भिवाच्या, फोटोखाली सोफ्यावर त्या ऐसपैस बसत. लेकीने स्वतःच्या हाताने घडवलेल्या थोराड कपातून चहा पीत, हा केवढा जड करून ठेवलायस म्हणून रोज न चुकता कुरकुरत, आणि रिकामा कप सोफ्याच्या हातावर सोडून देत. खालून हिंजवडीला निघालेल्या कॅबचे हॉर्न वर येत राहायचे. योगिनी कप उचलायची, घासायची. दिवसातलं हेच एक काम ती कधी टाळत नसे.

आता ही योगिनी नक्की काय करायची, ते तिच्या नातेवाइकांनाही धड सांगता यायचं नाही. ती मातीची भांडी करायची, पण विकायला नाही. व्हिडिओ काढायची, पण लग्नाचे नाहीत. माणूस काय खातो-पितो, कशातून पितो आणि त्यावरून त्याला कोण म्हणून ओळखलं जातं, असलं काहीतरी तिच्या डोक्यात सतत चालू असायचं. सध्या तिने विषय धरला होता वेगळ्या कपाचा.

वेगळा कप तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत एकदा डोकावून बघा. कामवालीला चहा द्यायचा तो कप. कान तुटलेला, नाहीतर सेटमधला एकटा उरलेला. ती चहा पिते, स्वतःच विसळते आणि खिडकीच्या कट्ट्यावर, जाळीपलीकडे, पालथा घालते. घरच्या कपांत तो मिसळत नाही. कोणी कोणाला काही सांगितलेलं नसतं आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. योगिनी दारोदार फिरून असे कप मागायची. लोक म्हणायचे, आमच्याकडे असलं काही नसतं हो, आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीकडे जायची. मग कसनुसं हसून कप तिच्या हातात द्यायचे.

प्रत्येक कपाचा ती साचा घ्यायची आणि त्यातून पांढरेशुभ्र जुळे कप काढायची. भोसरीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात प्रदर्शन भरणार होतं. येणाऱ्या प्रत्येकाने त्या कपांतून चहा प्यायचा, कॅमेरा ओठ टिपणार, भिंतीवर ते ओठ मोठे होऊन दिसणार. प्रदर्शन भरवणाऱ्या विजयश्रीताई या कल्पनेवर बेहद्द खूश होत्या.

फक्त एक कप मिळत नव्हता, आणि तो तर घरातच होता. माळ्यावर स्टीलच्या डब्यात, जुन्या ब्लाऊजच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. निळ्या काठाचा, कान तुटलेला. काम सोडलं त्या दिवशी चिमाबाईंनी तो बंगल्यातून गुपचूप उचलून आणला होता. माझ्यामागं तो दुसरीला देतील, एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. योगिनीने कॅमेऱ्यासमोर बोल म्हणून गळ घातली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला.

"तो डब्यात आहे तो बराय," त्या म्हणाल्या. "बाहेर काढू नको. मी त्याला बंद केलंय."

योगिनीने मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेलेली बघून माळ्यावर चढली. वाईट हेतू नव्हता हो तिचा. आईचं सगळं आयुष्य त्या कपात होतं आणि ते लोकांनी बघावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

२

चाकणच्या अलीकडे महाळुंग्यात तिने पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. मालक उद्धवराव तिथले जुने गावकरी. जमिनी कंपन्यांना गेल्या आणि ते शेडच्या दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले, ते कायमचेच. योगिनी काय करते ते त्यांना कळत नव्हतं, पण पोरगी कष्टाची आहे एवढं त्यांनी मान्य केलं होतं.

प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतायची, जरा वेळाने उरलेली ओतून टाकायची. कडेला जो थर धरतो तो म्हणजे कप. साचा उघडला की तो निघतो, पण कच्चा. वाळवून भट्टीत भाजेपर्यंत त्याला पाणी चालत नाही. पाणी लागलं की कपाचा चिखल झालाच म्हणून समजा.

माळ्यावरून आणलेल्या आईच्या कपाचे कच्चे जुळे तिने फळीवर ओळीने सुलटे मांडले, शेडला कुलूप घातलं आणि घरी गेली. सकाळी येऊन बघते तर ओळीत मध्येच एक जागा रिकामी. कप खिडकीत होता. जाळीपलीकडच्या सिमेंटच्या पट्टीवर, पालथा घातलेला.

तिने जाळीच्या फटीतून हात घालून तो आत घेतला. कप ओला होता. नुकताच विसळल्यासारखा कडेने निथळत होता आणि पट्टीवर त्याचं ओलं कडं उमटलं होतं. आतल्या बाजूला, मधोमध, चहाची फिकट तपकिरी रेघ.

चहाचं नवल नव्हतं. चहा कोणीही पिईल. नवल पाण्याचं होतं. तिने ओळीतला दुसरा कच्चा कप उचलला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. बघता बघता तो बोटांतच मऊ पडला, बसला आणि पांढरा गाळ होऊन तळाशी गेला. पहिला कप मात्र तिच्या दुसऱ्या हातात शाबूत होता. तो ओला आणि थंडगार होता.

उद्धवरावांना विचारलं तर ते चिडलेच. कुलूप तुझं, किल्ली तुझी, आन विचारती मला व्हय, असं म्हणून त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. ते चहा प्यायचे तो काचेच्या गिलासात. मातीच्या भांड्यात त्यांना चहा गोडच लागत न्हाई म्हणे. योगिनीने मनाची समजूत घातली. एखाद्या कपात माती जास्त घट्ट बसली असेल. कोणीतरी जाळीतून गजाने ओढला असेल. पण जाळीची फट जेमतेम कप जाईल एवढी होती, आणि खिडकीपासून फळी पार शेडच्या दुसऱ्या टोकाला होती, हेही तिला दिसत होतं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. बाकीच्या घरांतून आणलेल्या कपांचे जुळे जागचे हलत नसत. हलायचा तो आईच्या कपाचा. रोज एक, विसळलेला आणि पालथा. कुठे ओरखडा नाही, फुटतूट नाही. ज्याने कोणी ठेवला त्याने अगदी जपून, कोणाला आवाज जाणार नाही अशा बेताने ठेवलेला. खरं सांगायचं तर योगिनीला भीती वाटली ती या जपण्याची.

३

मग एका सकाळी घरात सोफ्याच्या हातावर कप नव्हता.

योगिनी स्वयंपाकघरात गेली. तिचा तो थोराड कप खिडकीच्या जाळीपलीकडे, नऊ मजल्यांच्या उंचीवर, कुंडीच्या शेजारी पालथा होता. तिने आईला हसत हसतच विचारलं की आज कायदा कसा मोडलास. चिमाबाई म्हणाल्या, घासला की. त्यात काय विचारायचं.

दोन-चार दिवसांत त्यांनी सोफा सोडला. चपलांच्या मांडणीपाशी, दाराला लागून, त्या खाली बसायला लागल्या. टीव्ही लावला तर मान वळवून, चोरून बघायच्या. पंखा लागला नसेल तर लाव म्हणायच्या नाहीत. जेवायला बसवलं तर तुमचं होऊ द्या म्हणायच्या. लेकीला अहो-जाहो! योगिनीने ते थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू काही फुटेना.

ती त्यांना वाकडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस होता. वय झालं की असं होतं म्हणाला. रक्त तपासलं, जीवनसत्त्व कमी निघालं, इंजेक्शनं लिहून दिली. योगिनीला हायसं वाटलं. कारण सापडलं की माणसाला धीर येतो, मग ते कारण खरं असो नसो. त्या संध्याकाळी तिने आईला आवडतो तसा आल्याचा चहा केला. आईने तो खाली बसूनच प्यायला, उठून कप विसळला, खिडकीत पालथा घातला. पदराला हात पुसत त्या दारापाशी गेल्या, चपला पायात सरकवल्या आणि वळून लेकीकडे बघितलं. त्या नजरेत ओळख अशी नव्हतीच. फक्त अदब होती.

"निघू का, बाई?" चिमाबाई म्हणाल्या.

योगिनीला रडू कोसळलं. तिने आईला धरून आत आणलं, अंथरुणावर झोपवलं आणि रात्रभर तिचा हात सोडला नाही. सकाळी चिमाबाई परत त्यांच्या त्यांच्या झाल्या, इंजेक्शन दुखतंय म्हणून डॉक्टरला शिव्याही दिल्या. पण दुपार होता होता त्या पुन्हा चपलांपाशी जाऊन बसल्या.

४

आपल्या या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी. प्रेस बंद, कंटेनर बंद, शेडचे पत्रेसुद्धा थरथरायचे थांबतात. इतर दिवशी तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि गुरुवारी तो नकोसा होतो.

बुधवारी निघताना योगिनीने कॅमेरा खिडकीच्या दिशेने लावून ठेवला. गुरुवारी सकाळी शेजारच्या काकूंना आईकडे लक्ष ठेवायला सांगून ती शेडवर आली. खिडकीत कप होताच. उद्धवरावांची खुर्ची रिकामी होती. तिने कॅमेरा मांडीवर घेतला, इअरफोन कानात घातले आणि चित्र पुढे पुढे पळवायला लागली.

रिकामी शेड. फळी कॅमेऱ्याच्या मागे राहिली होती, ती दिसत नव्हती. कितीतरी वेळ काहीच नाही. मग उजाडता उजाडता आवाज आला, कॅमेऱ्याच्या अगदी मागून. गरम चहाचा एक सावकाश भुरका. मध्ये थांबून दुसरा. पिणारं माणूस जमिनीवर बसलेलं असावं, आवाज खालून येत होता. मग पाण्याचा खळखळाट. शेडमध्ये नळ नाही. ओल्या अनवाणी पावलांचा आवाज कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे गेला आणि चित्राच्या कडेतून एक हात आत आला.

तेवढाच. कोपरापासून पुढचा, बाईचा. हात तरुण होता. नखांच्या कडेला पांढरं काहीतरी वाळून बसलेलं होतं. भांड्यांची पावडर अशीच बसते. लहानपणी आईच्या नखांत तिने ती रोज बघितली होती. मनगट सहज जाळीतून पलीकडे गेलं, कप पालथा झाला आणि हात क्षणभर कपावरच टेकून राहिला. दमलेलं माणूस ओट्यावर हात टेकतं ना, तसा. योगिनीला वाटलं की आता ती बाई वळेल आणि चेहरा दिसेल. हात मागे गेला. चित्रात खिडकी उरली.

ती पळाली नाही. तिला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ज्या एका कपातून दुसऱ्या कोणीच पिऊ नये म्हणून आईने तो इतकी वर्षं डब्यात कोंडून ठेवला, त्याचे आपण ओळीने जुळे मांडलेत. एकेका कपाला प्यायला कोणीतरी लागणारच. आणि ते कोणीतरी रोज थोडं थोडं पुनावळ्याच्या घरातून निघून इकडे येतंय.

तिने हातोडी घेतली. साचा फोडला. आईचे सगळे जुळे फोडले, भाजलेले आणि कच्चेही. मूळ कप तेवढा ब्लाऊजच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत टाकला. तेवढ्यात फोन वाजला. काकू रडकुंडीला आल्या होत्या. चिमाबाई घरात नव्हत्या.

५

त्या लांब गेल्या नव्हत्या. योगिनी लिफ्टमधून बाहेर आली तर त्या स्वतःच्याच घराच्या बंद दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर. काकू त्यांना आत या म्हणून विनवत होत्या, पण त्या काही उठत नव्हत्या. बेल वाजवली, बाई झोपल्या असतील, उठल्या की आत जाईन, असं त्यांचं चाललं होतं. दारावरच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं. साचा आणि जुळे फोडून काहीही परत आलं नव्हतं.

योगिनीने कुलूप काढलं. आई आत आली ती भिंतीकडेने, अंग चोरून. योगिनीने चहा ठेवला. तिने दिलेला थोराड कप आईने घेतला नाही. हा तुमचा, म्हणाल्या. माझा कप कुठाय?

योगिनीने पिशवीतून निळ्या काठाचा कप काढला. तो बघून चिमाबाईंचा चेहरा निवळला, आणि ते बघणं योगिनीला सगळ्यात जड गेलं. त्यांनी खाली बसून चहा प्यायला सुरुवात केली. तोच भुरका. मध्ये थांबून दुसरा. योगिनी त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. कप अर्धा झाला तसा तिने हात पुढे केला आणि त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अहो बाई, नका," चिमाबाई घाबरून म्हणाल्या. "माझा आहे तो. उष्टा आहे."

"माहिती आहे," योगिनी म्हणाली. "आता माझा."

तिने उरलेला चहा एका दमात पिऊन टाकला. तुटलेल्या कानाची कड बोटाला लागली. चहा कोमट होता, गोड होता, आणि शेवटच्या घोटाला भांड्यांच्या पावडरीची चव होती. ती उठली, कप विसळला, खिडकीत पालथा घातला.

मागून कोणीतरी खाकरलं. चिमाबाई भिंतीला धरून उठत होत्या. गुडघ्याला हात लावून त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली, सोफ्यापर्यंत गेल्या आणि फोटोखाली ऐसपैस बसल्या.

"योगे, मला खाली कशाला बसवलंस गं?" त्या म्हणाल्या. "आणि माझा चहा कुठाय?"

योगिनी त्यांच्या मांडीत डोकं घालून हमसाहमशी रडली. काय झालं ते चिमाबाईंना कळेना. त्या नुसत्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

६

प्रदर्शन दणक्यात झालं. आईचा कप त्यात नव्हता, पण बाकीचे होते. मोशीपासून बाणेरपर्यंतची माणसं आली, पांढऱ्या कपांतून चहा प्यायली, भिंतीवर स्वतःचे ओठ बघून गप्प झाली. चिमाबाई नवी पैठणी नेसून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला, माझी लेक आहे, म्हणून सांगत होत्या. रिकामा कप त्यांनी खुर्चीखाली सोडून दिला होता, आणि ते बघून योगिनीचा जीव भांड्यात पडला होता.

गर्दी ओसरायला लागली तशी विजयश्रीताईंनी योगिनीसाठी चहा आणवला. त्यांच्या ऑफिसातला, सोनेरी काठाचा कप. बस गं जरा, सकाळपासून उभी आहेस, म्हणाल्या. योगिनीला का कोण जाणे खुर्चीत बसवेना. तिने उभ्यानेच, भिंतीकडेला सरकून, चहा प्यायला. ताई काहीतरी बोलत होत्या, पुढच्या वर्षी दिल्लीला वगैरे. ती मान डोलवत होती.

मग टाळ्या वाजायला लागल्या. सुरुवातीला एकाने वाजवल्या, मग सगळ्यांनी. योगिनीला कळेना कशाला वाजवतायत. ताई कोणाला तरी सांगत होत्या की हा शेवट आम्हालाही माहीत नव्हता, काय विलक्षण सुचलंय बघा. तेव्हा तिने खाली बघितलं. तिचा हात कारखान्याच्या खिडकीच्या जाळीतून पलीकडे गेलेला होता. बोटांखाली सोनेरी काठाचा कप होता, विसळलेला आणि पालथा. हात कपावर टेकलेला होता. नखांच्या कडेला पांढरी माती वाळून बसली होती.

हा हात आपण कुठेतरी बघितलाय, एवढं तिला वाटलं. कुठे ते आठवेना.

टाळ्या वाजवणाऱ्यांतून पैठणी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई वाट काढत तिच्याकडे येत होत्या. त्या एकट्याच टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जवळ येऊन त्यांनी खिडकीतला कप उचलला, सुलटा केला आणि तिचं मनगट घट्ट धरलं. चांगल्या घरच्या दिसत होत्या, चेहऱ्यावर माया होती. अशा घरी काम मिळालं तर बरं.

योगिनीने हात हळूच सोडवून घेतला आणि ओढणीला पुसला.

"निघू का, बाई?" ती म्हणाली.